डाव्या चाकाचे पाच नट

दादा,

तुझी माती सावडायला जी माणसं आली होती त्यांत तुकाराम आप्पाही होता. त्याचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, म्हणून त्याने डाव्या हाताने फुलं वाहिली. मग माणगंगेच्या काठाला चार माणसांत उभा राहून तो म्हणाला, "मिस्तरी म्हंजी देवमाणूस, गड्यांनो. पर शेवटी शेवटी हात गेला व्हता त्याचा." चौघांनी माना हलवल्या. एकाने तोंडाने 'च् च्' केलं.

मी पाच पावलांवर वहिनींच्या मागे उभी होते. शब्द न् शब्द ऐकू आला. आप्पाच्या पिकअपचं चाक वर्धनगडच्या घाटात निघालं त्याला सहा वर्षं झाली. तुझा आवळ कमी पडला म्हणून ते निघालं, हे म्हसवडमधल्या प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक आहे. ते तसं नव्हतं, हे फक्त मला ठाऊक होतं. तुझी राख अजून गरम होती आणि मी तेव्हाही गप्पच राहिले.

आज तुला जाऊन अठरा दिवस झाले. स्टँडजवळ तुझा फ्लेक्स लागला होता, त्यावर तुझं जन्मसाल, मृत्यूची तारीख, 'शोकाकुल' म्हणून चाळीस नावं, सगळं होतं. फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता. "यवढा पांढरा शर्ट ह्यांनी जल्मात घातला न्हाई," असं वहिनी म्हणाल्या, आणि रडता रडता हसल्या. त्यामुळे ते सगळं मी इथे लिहीत नाही. मला तुझ्याशी एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, हे तुला माहीत आहे. तूच म्हणायचास, "मास्तरीण बाय गाडी सुरू करायच्या आदी गाडीचा इतिहास सांगती."

तर इतिहासापासून.

मी चौथीत होते तेव्हा तू माझ्या कानाला स्क्रू-ड्रायव्हरची मूठ लावलीस आणि त्याचं टोक चालू इंजिनवर टेकवलंस. "आयक. टकटक येतंय का किरकिर?" मी म्हटलं टकटक. "मंग टॅपेट. किरकिर आली तर बेरिंग. आन् दोनीबी आलं तर मालकाला पैला चा पाज, मंग सांग." त्या वयात इतर मुलींना मामाच्या गावाचं कौतुक असायचं. मला तुझ्या वर्कशॉपच्या मागच्या दाराचं होतं. शाळा सुटली की दप्तर बॅटऱ्यांच्या रॅकवर टाकून मी तुझ्या मागे मागे. बॅटरीची वायर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली आपला बाप असला तरी जायचं नाही, आधी टेकूची घोडी लावायची. गरम रेडिएटरचं झाकण उघडायला सांगणारा माणूस आपला वैरी. हे सगळं मी पुस्तकात वाचलं त्याच्या सहा-सात वर्षं आधी मला तुझ्या तोंडून पाठ होतं.

दहावीनंतर मी आयटीआयला मोटर मेकॅनिकचा ट्रेड घेते म्हटल्यावर आबा दोन दिवस जेवले नाहीत. "हाताला ग्रीसचा वास आल्यावर हिला करून कोण घेणार?" तू जेवता जेवता मान वर न करता म्हणालास, "साबण हाय की." एवढंच. दुसऱ्या दिवशी मला घेऊन तू एसटीने सांगलीला गेलास, फॉर्म भरलास आणि येताना मला पाना-सेट घेऊन दिलास. वर्गात मी एकटी मुलगी. पहिल्या आठवड्यात रडून फोन केला तर म्हणालास, "गेअरबॉक्स काढून दाव त्यांस्नी. मंग रडतील ती." मी काढून दाखवला. रडलं कुणी नाही, पण हसणं बंद झालं. आज मी त्याच सांगलीत पोरांना शिकवते. पगाराच्या कागदावर सही करताना दर महिन्याला मला तू आठवतोस, हे तुला कधी सांगितलं नाही. न सांगितलेल्या गोष्टी खूप आहेत. त्यातली ही त्यातल्या त्यात सोपी.

मास्तरीण झाल्यावर मात्र मला शिंगं फुटली. दर सुट्टीत वर्कशॉपमध्ये येऊन मी तुझ्या कामात खोड्या काढायला लागले. बोल्टचे आटे वायर ब्रशने साफ करतोस ते बरोबर, पण तेल का लावतोस? नट एका रांगेत का आवळतोस, समोरासमोरचे का नाही? यातलं पुष्कळसं तू ऐकलंस. समोरासमोरचे आवळायला लागलास. तेल सोडलंस. नट आवळून झाला की नटावर आणि रिमवर मिळून पिवळ्या रंगाची एक आडवी रेघ मारायची, म्हणजे नट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते, हे तुला इतकं आवडलं की तू स्वतः रंगाची बाटली आणून ठेवलीस. रेघ मारायला तुझ्या हाताला कंप म्हणून ते काम मी घरी असेन तेव्हा माझं. आवळणं तुझं, खूण माझी. गिऱ्हाइकांना तू सांगायचास, "सुमीची रेघ तुटली दिसली की गाडी जाग्यावर हुबी करा."

फक्त टॉर्क रेंचवर आपलं कधी जमलं नाही. एका राखीपौर्णिमेला मी राखीबरोबर तो तुला आणून दिला. भावाने द्यायचं तर बहिणीनेच दिलं, म्हणून वहिनी हसल्या. ठरलेला जोर बसला की 'टक' असा आवाज करणारा लांब दांड्याचा पाना. तू तो उलटासुलटा करून पाहिलास आणि म्हणालास, "म्हंजी आवळायचा म्या आन् बास म्हणायचं ह्येनं?" मी म्हटलं, माणसाचा हात सकाळी वेगळा असतो, संध्याकाळी वेगळा. ताप असला तर वेगळा. तू उठलास. एका जीपचे पाच नट हाताने आवळलेस आणि मला म्हणालास, "बग तुज्या टकटक्यानं." मी पाचही तपासले. पाचही नट केसभर हलले आणि टक. एकही सैल नाही, एकही जास्त आवळलेला नाही. मला इतका राग आला की मी चहा न घेता माडीवर निघून गेले. तू खालून ओरडलास, "आगं, हरलीस म्हणून चा का सोडतीस?"

हे मुद्दाम लिहिते आहे. तुझा हात कसा होता हे माझ्याइतकं कुणी मोजून पाहिलेलं नव्हतं.

आता त्या खंडेनवमीबद्दल.

आपल्याकडे आबांपासूनचा नियम आहे. खंडेनवमीला हत्यारं धुवायची, पाटावर मांडायची, हळदीकुंकू, झेंडू, नारळ. एकदा पुजली की दसऱ्याची पूजा होईस्तोवर त्यातलं एकही उचलायचं नाही. पक्कड नाही, साधा दहाचा पानाही नाही. "वर्सातनं येक दिस लोखंडालाबी इसावा," असं तू म्हणायचास. पंक्चरचं गिऱ्हाईक आलं तरी हात जोडून पुढच्या दुकानात पाठवायचास. मला हा नियम लहानपणापासून आवडायचा.

त्या दिवशी सकाळी आप्पाची पिकअप होती. मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक-शू बदलले. चाकं चढवली, नट बोटाने फिरवून पान्याने नुसते टेकवले, घोड्या काढून गाडी जमिनीवर उतरवली. शेवटचा आवळ गाडी जमिनीवर आल्यावरच द्यायचा, हाही तुझाच धडा. तू उजव्या चाकापासून सुरुवात केलीस. पाच नट, समोरासमोरचे. तेवढ्यात वहिनींनी हाक मारली, पूजेला उशीर होतोय, आंघोळ करून घ्या, आणि हत्यारं धुवायला द्या. तू पाना माझ्या हातात दिलास. "डावं ऱ्हायलंय, उद्या बगतो," असं तू म्हणालास की नाही, हे मी सहा वर्षं आठवून पाहते आहे. म्हणाला असशील. नसशीलही. पण तुला म्हणायची गरज नव्हती. मी तिथेच उभी होते. डाव्या चाकाकडे तू गेला नाहीस हे मला दिसत होतं.

गाडी दुसऱ्या दिवशी जाणार होती. आप्पा दसऱ्याची पूजा झाल्यावर नेतो म्हणाला होता. रंगाची बाटली उघडी होती, ब्रश ओला होता, आणि मला पुरणाला हात लावायला आत जायचं होतं. मी उजव्या चाकाच्या पाच नटांवर रेघा मारल्या. मग फिरून डाव्या चाकाकडे गेले आणि तिथल्याही पाच नटांवर मारल्या. उद्या दसऱ्याच्या पूजेनंतर तू आवळशीलच, तर पुन्हा बाटली कशाला उघडा, एवढाच विचार. नट फिरला की रेघ तुटणार हेसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही. मी पोरांना शिकवते, दादा. पहिल्याच आठवड्यात शिकवते की खूण आधी करायची नसते. आणि मी आधी केली. मग व्हील पाना धुऊन मीच पाटावर ठेवला, मीच त्याला कुंकू लावलं.

दुपारी पूजा झाली, नैवेद्य व्हायचा होता, तेवढ्यात आप्पा येऊन उभा राहिला. साताऱ्याला बोकडं पोचवायची होती, गिऱ्हाईक आजच पाहिजे म्हणत होतं. मी आत पुरण वाटत होते. बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं. तू गाडीभोवती एक फेरी मारलीस. उजवीकडे पाहिलंस, डावीकडे पाहिलंस, आणि म्हणालास, "सुमीची रेघ हाय. जा बिनघोर."

गाडी सुरू झाली तेव्हा माझे हात थांबले. हे मी खरं सांगते आहे. हात थांबले आणि मी अर्धी उठले. मग मी मनाला सांगितलं की गाडीत आप्पाचा स्वतःचा पाना असतो, तू त्याने आवळलं असशील. पुरणाचे हात घेऊन गाडीमागे कोण धावणार! मी पुन्हा खाली बसले.

पुढचं तुला माहीत आहे. पुसेगावच्या पुढे आप्पाला मागून खडखड ऐकू आली. बोकडं उड्या मारतायत असं त्याला वाटलं. घाटात चाक निघून पुढे पळालं आणि गाडी डोंगराकडच्या चारीत कलंडली. दोन बोकडं दगावली, आप्पाचा खांदा मोडला. दसऱ्याच्या दिवशी तू मला घेऊन आधी गाडीपाशी गेलास आणि मग दवाखान्यात. चारीतलं ते चाक तू हातात घेऊन पाहिलंस. नट गेले होते, पण रिमवर माझ्या अर्ध्या अर्ध्या रेघा तशाच होत्या. त्या दिवसाच्या गडबडीत डावी बाजू आवळल्याचं तुला आठवत नव्हतं. पण खूण होती. आणि स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्या खुणेवर तुझा विश्वास जास्त होता. तू मनात म्हणालास, रेघ आहे म्हणजे मी आवळलं असणार. आवळलं तरी चाक निघालं म्हणजे माझा हात कमी पडला. इतका सरळ हिशेब केलास तू. दवाखान्यात आप्पाच्या पायाशी बसून तू म्हणालास, "माजा आवळ कमी पडला, आप्पा. चूक माजी हाय." त्याची बायको, त्याची दोन पोरं आणि मी, आम्ही सगळे तिथे होतो.

तेव्हा मी का बोलले नाही? मला भीती वाटली. आप्पाच्या पोरांची नाही, तुझीही नाही. आयटीआयची मॅडम आणि न आवळलेल्या नटांवर खूण करते, हे सांगलीपर्यंत जाईल, याची. दोन दिवसांनी सांगू म्हटलं. मग गावाने 'मिस्तरीचा हात गेला' म्हणायला सुरुवात केली. मग सांगणं आणखी अवघड झालं. एवढ्या सोप्या रीतीने माणूस हलकट होतो, हे मला ठाऊक नव्हतं.

पण त्याहून वाईट एक गोष्ट आहे. ती मला आजपर्यंत कुणापुढे उच्चारता आली नव्हती.

त्या दिवाळीत मी आले तेव्हा तू टॉर्क रेंच डबीतून काढून ठेवला होतास. तेलाने पुसलेला. तो माझ्यासमोर धरून तू म्हणालास, "तुजं खरं, सुमे. हात चुकतो." माझ्याशी भांडण हरल्याचं तू आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलंस. आणि मी म्हणाले, "मी तेच तर सांगत होते."

मी हे म्हणाले, दादा. माझ्या तोंडातून हे बाहेर आलं.

पुढे मी त्यावर कळस चढवला. दर वर्षी चाकांचा धडा आला की मी पोरांना एक गोष्ट सांगायचे. एक मिस्तरी होता, माझा सख्खा भाऊ, तीस वर्षांचा हात, कानाने इंजिन ओळखणारा. तरी एका सणाच्या दिवशी हाताने अंदाज घेतला आणि घाटात चाक निघालं. म्हणून अंदाजावर जाऊ नका. पोरं गंभीर व्हायची. वहीत लिहून घ्यायची. इतक्या वेळा सांगितली की सांगताना मलाच ती खरी वाटायला लागली.

तिकडे तू चाकं आणि ब्रेक घेणं सोडलंस. डिझेल इंजिनं, मळणीयंत्रं, पाण्याच्या मोटारी एवढंच करायला लागलास. मी विचारलं तर म्हणालास, "उबं ऱ्हाऊन चालणारं मशीन बरं. बिगाडलं तर जाग्यावर ऱ्हातंय, कुणाला मारत न्हाई." आणि मी फोनवर हसले. मला वाटलं, वय झालं, दमलास. असं वाटून घेणं माझ्या सोयीचं होतं.

गेल्या भाऊबीजेला तू मला संधी दिली होतीस. ओवाळून झालं, पाटावरून उठता उठता तू अगदी सहज विचारलंस, "सुमे, त्या दिशी डाव्या चाकाला म्या किती येळ व्हतो गं?" ताट माझ्या हातात होतं, निरांजन लागलेलं होतं. मी म्हणाले, "एवढं जुनं कुठं आठवतंय, दादा." तू "व्हय, लय दिस झालं" म्हणालास आणि पायात चपला घालून बाहेर गेलास. तू काही ओळखलं होतंस, की खरोखर फक्त विचारत होतास? हे आता कळायचा मार्ग नाही. मी फार वेळा त्या क्षणाकडे परत जाते आणि दर वेळी तीच ताट हातात घेतलेली बाई तेच उत्तर देते.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. वहिनी टॉर्क रेंचची डबी घेऊन माझ्यासमोर बसल्या. "वन्सं, ही तुमची वस्त. हितं आता कोण वापरणार. घिऊन जावा."

मी डबी घेतली आणि ती हातात धरून सगळं सांगितलं. उजवं चाक, आंघोळ, बाटली, पुरण. थांबत थांबत सांगितलं नाही, नाहीतर पुन्हा गप्प बसले असते. वहिनी खाली मान घालून ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी पदराच्या काठावरची सुरकुती बोटाने सरळ केली. मग म्हणाल्या, "ह्यांनी तुमच्याम्होरं म्हटलं न्हवं, हात चुकतो म्हणून?"

"व्हय."

"आन् तुमी म्हणू दिलंसा?"

मी व्हय म्हटलं. त्या उठल्या आणि वर्कशॉपच्या मागच्या दाराने आत गेल्या. मला वाटलं आता ह्या माझ्याशी कधी बोलणार नाहीत. पण त्यांनी आतून हाक मारली. मागच्या भिंतीला व्हाइसच्या जबड्यात चाकाचा एक जुना हब पकडून ठेवलेला होता. त्याला पाच स्टड, पाच नट. नटांचे कोपरे झिजून गोल झाले होते.

"ह्ये बगा," वहिनी म्हणाल्या. "रोज सकाळी शटर उघडायच्या आदी ही पाच नटं हातानं आवळायचं. मंग तुमच्या त्या टकटक्यानं बगायचं. रोज. ताप आसला तरी. मला म्हणायचं, मंगल, आज बी बरोबर आलं गं. पाच बी बरोबर आली. मंग त्या दिशी काय झालं आसंल?"

"किती दिवस असं करत होता?"

"त्यो दसरा झाल्यापास्नं. गेलं त्या दिशी सकाळीबी केलंतं."

दादा, मी त्या हबला हात लावू शकले नाही. मी खाली बसले, तिथेच, तेल सांडलेल्या फरशीवर. सहा वर्षं तू रोज सकाळी तुझा हात तपासत होतास. रोज तो बरोबर निघत होता. आणि तरी तू त्याच्यावर विश्वास ठेवला नाहीस, कारण रिमवर माझी पिवळी रेघ होती. वहिनींनी मला उठवलं नाही. जवळ घेतलं नाही. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "म्या तुमाला काय बोलू? मला सांगून काय उपेग? आप्पाकडं जावा. आन् चार मानसं आसतील तवाच सांगा."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. आप्पा पिंपळाखाली बोकडांची दावी धरून बसला होता, आजूबाजूला त्याच्या ओळखीचे पाचसहा जण. मी उभ्याउभ्या सांगितलं. माझा आवाज वर्गात येतो तसा आला, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. एकजण म्हणाला, "आता भाऊ गेल्यावर भावाची बाजू घ्येतीया." आप्पाने त्याला हाताने गप्प केलं. मग तो माझ्याकडे वळला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सुमाताई," तो म्हणाला, "खांद्याचं जाऊ दे. हाडं सगळ्यांचीच मोडत्यात. पर मिस्तरी दोनदा माज्या दारात येऊन गेला, म्हणला आप्पा, येकदा गाडी लाव माज्याकडं, बाकी कुणी न्हाई लावली तरी चालंल. म्या न्हाई लावली. आन् म्या म्हणलं, मिस्तरी, जीव नगं झालाय व्हय मला?" त्याने एक दावं ओढून धरलं. "ह्ये म्या त्येला म्हणलं. आता माजं शबूद कोण माघारी घिणार?"

मी हात जोडले. त्याने जोडले नाहीत. दावी सोडून तो दुसरीकडे बघायला लागला. स्टँडपर्यंत चालत जाताना मला पहिल्यांदा समजलं की माझ्या गप्प बसण्यातून तुझ्या वाट्याला काय काय आलं ते सगळं मला कधीच कळणार नाही. असे आणखी किती जण, आणखी किती दारं.

सोमवारी वर्गात चाकांचाच धडा काढला, क्रम मोडून. पोरांना ती गोष्ट पुन्हा सांगितली, नावं बरोबर लावून. आधीच्या बॅचच्या पोरांना मी काय सांगितलं होतं तेही सांगितलं. फळ्यावर लिहिलं: ज्याने आवळलं त्यानेच खूण करायची, दुसऱ्याने नाही. सण असो, घाई असो, मॅडम सांगोत. पोरं कुजबुजली. उद्या ते सगळीकडे जाईल. जाऊ दे. प्रिन्सिपलसाहेबांनी बोलावलं तर तिथेही हेच सांगेन. त्याने तुझी एक सकाळसुद्धा परत येत नाही, हे मला कळतं. मला हलकं वाटलं असं मी लिहिणार नाही, कारण वाटलेलं नाही.

रेंचची डबी मी आणली नाही. वहिनींनाही नको आहे. ती तिथेच व्हाइसजवळ आहे.

तू रोज सकाळी वहिनींना जे विचारायचास ते मला विचारलं होतंस, एकदा, पाटावरून उठताना. तेव्हा द्यायचं होतं ते उत्तर आता देते. त्या दिवशी गाडी कलंडली, तरी उजव्या चाकाचे पाचही नट जागच्या जागी होते, एकही रेघ तुटली नव्हती. ते तू आवळले होतेस. डाव्या चाकाला, दादा, तुझा हात लागलाच नव्हता.